खिंडीतलं शेवटचं दुकान

४ एप्रिल

बारके,

आशीर्वाद आहेतच, ते काही पळून जात नाहीत. आधी माझा राग ऐकून घे, मग तुझी खुशाली विचारते.

तुझ्या भावजींनी मला घराबाहेर काढलं. ही बातमी तुझ्यापर्यंत कुठल्या शब्दांत पोचली असेल तेही मला ठाऊक आहे: 'ताईचं आणि त्यांचं बिनसलं.' बिनसायला दोघं लागतात गं. इथे एकट्यानंच उरकलं.

सरहद्दीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी नवे परवाने निघालेत. एका दुकानामागे मालक, त्याची म्हातारी आई किंवा बाप, आणि आणखी एक जण. परवान्याचे अधिकारी खिंडीत आले तेव्हा मी आत भांडी घासत होते. त्यांनी विचारलं, 'आत कोण आहे?' आणि तुझे भावजी अगदी शांतपणे म्हणाले, 'कामाला बाई आहे. खालच्या गावची.' मी साबणाच्या हातांनी बाहेर आले. मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या शेजारी तो बसवाला उभा होता, नवा कोट घालून. 'आणखी एक जण' म्हणून त्याचं नाव लागलं. आता त्याच्या सगळ्या बसा ह्याच्याच दारात थांबणार. समजलं का तुला? माझ्या जागी त्यानं बसथांबा करून घेतला. दुसरी बाई आणली असती तर मी निदान तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. बसथांब्याचं काय उपटू?

लग्नाची नोंद आम्ही कधी केलीच नव्हती, डोंगरात तेव्हा कोण करत होतं. त्यामुळे माझ्याकडे दाखवायला काही नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. दिवस मावळायच्या आत मला पट्ट्याबाहेर निघावं लागलं.

ते दुकान माझ्या हातचं आहे बारके. फळ्या मी ठोकल्यात, चूल मी घातलीय, आणि 'देशातलं शेवटचं दुकान' ही पाटी लावायची कल्पनाही माझीच. लोक कुठून कुठून येतात, पाटीखाली उभं राहून फोटो काढतात, चहा पितात आणि सगळा देश बघून झाल्याच्या थाटात परत जातात. त्याच पाटीखाली आता तो गल्ल्यावर बसतो आणि बसवाला पाय पसरून शेजारी.

मी खालच्या गावात शिंपीणबाईंकडे एक खोली घेतलीय. खिडकीतून खिंड दिसते, म्हणून खिडकी बंद ठेवते.

तू नकाशा कचेरीत आहेस म्हणून विचारते. या उन्हाळ्यात दोन्ही देशांचे मोजणीवाले येऊन खिंडीतली हद्द पक्की करणार असं सगळे बोलतायत. मला एवढंच कळव, हद्द नक्की कुठून जाते? त्या पाटीवरचा 'शेवटचं' हा शब्द मला त्याच्या नरड्यातून ओढून काढायचाय.

तब्येतीला जप.

ताई


२२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत मिळालं. जेवण तसंच राहिलं. शेजारच्या टेबलावरची विचारत होती, 'घरी सगळं ठीक ना?' आणि मी मूर्खासारखी 'हो, ताईचं पत्र आहे' म्हणून हसले.

आपला देश एवढा लांब आहे की तुझा राग आगगाडी, बस आणि टपालाच्या पोत्यातून माझ्यापर्यंत येईतो थोडा निवला असेल अशी आशा करते. निवला नसेल, ते मला माहीत आहे. लहानपणी माझी पाटी फोडणाऱ्या मुलीशी तू सगळी शाळा संपेपर्यंत बोलली नव्हतीस. माझी तिच्याशी दुसऱ्या दिवशीच गट्टी झाली होती, तरी.

कचेरीत भिंतीवर देशाचा मोठा नकाशा आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यावर तुला शोधायला गेले तर बोटाला खिळा लागला. नकाशा ज्या खिळ्यावर टांगलाय, तो नेमका तुमच्या खिंडीत ठोकलाय. साहेब म्हणाले, 'तिकडे कोणी राहत नाही, म्हणून तिथे ठोकला.' मी म्हटलं, माझी बहीण राहते. ते हसले. माणूस वाईट नाही, पण इथे बसलेल्यांना देशाच्या कडा म्हणजे कागदाच्या कडा वाटतात.

हद्दीचं म्हणशील तर कचेरीतलं काही बाहेर सांगायचं नाही अशी आम्ही शपथ घेतलीय. वर्तमानपत्रात आलंय तेवढं सांगते. तहात लिहिलंय की हद्द पाणलोटावरून जाईल. म्हणजे जिथून पाणी दोन उतारांना वाटलं जातं त्या माथ्यावरून. ज्या जमिनीचं पाणी आपल्याकडे उतरतं ती आपली, पलीकडे उतरतं ती त्यांची. जुन्या नकाशावर ती रेघ शिसपेन्सिलीनं मारलीय आणि इतकी जाड आहे की तिच्याखाली तुमचं दुकान, अंगण आणि तो मेला बसथांबा, सगळं झाकलं जातं. म्हणून पुन्हा मोजायचंय.

पण तुला हे कशाला हवं? सोड ताई. भावजींचं काय करायचं ते देव बघून घेईल. तू माझ्याकडे ये. खोली लहान आहे, पण दोघी मावू. घरमालकीण कटकटी आहे, तिला तू पुरून उरशील.

तुझी
बारकी


१० मे

बारके,

देव बघून घेईल म्हणतेस. एवढ्या मोठ्या देशात त्याला खिंड सापडली तर ना. तुमच्या खिळ्याखाली शोधत बसेल बिचारा.

मी तिकडे येणार नाही. मी आले की ह्याला मोकळं रान. इथे मी रोज रस्त्यावर दिसते, सामान न्यायला खाली आला की त्याला मान वळवून जावं लागतं. तेवढाच त्याच्या मानेला व्यायाम.

सासूबाईंनी बसच्या क्लीनरच्या हाती माझी शाल पाठवली. धुतलेली, घडी केलेली. निरोप काही नाही. आधी राग आला, मग रडू आलं. म्हातारीवर माझा डूख नाही. ती पहिल्यापासून अशीच, घाबरट. मुलानं डोळे वटारले की हिची मान खाली. पण मी आजारी पडले की रात्रभर पाय चेपत बसायची तीच.

आता एक विचारते. तू पाण्याचं लिहिलंस म्हणून डोक्यात आलं. खिंड म्हणजे तुला वाटते तशी सुरीची धार नाही. वर पोचलं की परातीसारखा सपाट माळ आहे, आणि तिथे पाण्याचाही गोंधळ होतो. सुळक्याखाली जो झरा आहे तो मूळचा पलीकडे उतरायचा. आमच्या अंगणात बादली उपडी केली तरी तेही पाणी तिकडेच जायचं. आम्ही दुकान टाकलं तेव्हा मी बर्फ वितळवून चहा करायचे. मग एका उन्हाळ्यात मी पहार घेतली, झऱ्याच्या तोंडाशी दगडांचा बांध घातला आणि अंगणातून चर खणून सगळं पाणी आपल्या उतारावर आणलं. तुझे भावजी पायरीवर बसून 'डावीकडे घे, उजवीकडे घे' सांगत होते. त्यांनी झऱ्याचं तोंड त्यानंतर बघितलंही नसेल.

तर असं कोणी पाणी वळवलेलं असलं, की मोजणीवाले कुठलं पाणी धरतात? मूळचं की वळवलेलं? सहज विचारते.

ताई


२९ मे

ताई,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. तू कितीही दातओठ खा, तुला दुकानाची काळजी वाटतेय हे मला त्या शेवटच्या ओळींत दिसलं. 'सहज विचारते' म्हणे. मी तुला ओळखत नाही का?

हे वर्तमानपत्रात आलेलं नाही. सख्ख्या बहिणीच्या घराचा प्रश्न आहे म्हणून लिहिते, वाचून चुलीत घाल. मोजणीवाले वाहतं पाणी धरतात. मोजणीच्या दिवशी जिकडे वाहत असेल तिकडचं. कोणी केव्हा वळवलं, हे उकरायचं नाही असं दोन्ही देशांनी मिळून ठरवलंय, नाहीतर प्रत्येक दगडापाशी भांडण व्हायचं. तेव्हा तुझा बांध शाबूत आहे तोवर दुकान आपल्या देशात. घाबरायचं कारण नाही. बांध ढासळला तर मात्र झरा पलीकडे जाईल, आणि त्याच्याबरोबर अंगण आणि दुकानसुद्धा.

म्हणून भावजींना सांग, वर जाऊन बांधाची डागडुजी करून घ्या. मोजणीवाले जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चढतील. मला वाटतं तूच सांगावंस. या निमित्तानं तरी दोघं समोरासमोर याल. एवढा मोठा संसार असा परवान्याच्या एका रकान्यावरून मोडतो का? त्यांनाही आतून वाईट वाटत असेल. मला तसं वाटायला कारण आहे, पण ते आता नको.

घरमालकीण तुझी वाट बघतेय. मी तिला सांगितलंय, माझी बहीण फार शांत आहे.

बारकी


१८ जून

बारके,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि सांगितल्याप्रमाणे चुलीत घातलं. इतकं गोड पत्र तू मला जन्मात लिहिलं नव्हतंस.

काल मी वर जाऊन आले. पट्ट्यात राहायला परवाना लागतो, फिरायला नाही. तिकीट काढून बसवाल्याच्याच बसमध्ये बसले, शिंपीणबाईंचा लांब कोट घालून, डोक्यापासून हनुवटीपर्यंत रुमाल बांधून, डोळ्यांवर काळा चष्मा. अंगणात गर्दी उसळली होती. फोटोसाठी रांग लागली होती आणि तो तोंडभर हसत लोकांना 'जरा अलीकडे सरका, देश संपतोय' असं म्हणत होता. हा विनोदही माझाच आहे. मी चहा घेतला. पाणचट झालाय.

मग मी सुळक्याकडे निघाले. कोणी हटकलं नाही. बाईमाणूस आडोशाला चाललंय म्हटल्यावर कोण हटकणार?

पहिला दगड हलेना. माझ्याच हातचं काम, मेलं पक्कं. नखं मोडली. एकदाचा तो निघाला आणि मग बाकीच्यांना फारसं सांगावं लागलं नाही. जुन्या वाटेत गवत माजलं होतं, तरी पाणी तिथूनच उतरायला लागलं. मी चराच्या तोंडाशी दगड आणि माती दाबली, हात धुतले आणि परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा पकडली.

त्याला कळणार नाही. चराच्या पाण्याची टाकी भरलेली आहे, आणि तिचा नळ कोरडा पडला तरी तो आधी बसवाल्याला हाका मारेल, पहार उचलणार नाही. आज गावात मोजणीवाल्यांचे तंबू पडलेत. उद्या चढतील.

आता मला पाप-पुण्य शिकवू नकोस. मी खोटं काही केलेलं नाही. मी त्याच्याकडे कामाला होते ना? मग मी माझं काम परत घेतलं.

ताई


१४ जुलै

ताई,

तू मला फसवलंस. मी भोळी आहे हे तुला माहीत होतं आणि तू त्याचा उपयोग केलास.

मोजणीचं शीट माझ्याच टेबलावर आलं. रेघ शाईनं पक्की करायचं काम माझं. नव्या रेघेच्या पलीकडे एक इवलासा चौकोन होता आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'दुकान' लिहिलेलं. साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, 'अरे, हे तर पलीकडे गेलं.' आणि पुढच्या शीटकडे वळले. एवढंच. मी सांगू शकले असते, की थांबा, तिथे कालपरवापर्यंत पाणी आपल्याकडे वाहत होतं. सांगितलं असतं तर आधी माझी नोकरी गेली असती आणि मग तू तुरुंगात. मी रेघ मारली. शाईचा एक डागही पडला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतंय.

आता ऐक, तुला सांगितलं नव्हतं ते. मे महिन्यात भावजींचं पत्र आलं होतं. लिहिलं होतं, हद्द कुठून जाणार तेवढं कळव. आणि लिहिलं होतं, 'तुझ्या ताईला परत आणतो, परवान्यात आणखी एक नाव घालता येईल का ते बघतोय.' मला ते खरं वाटलं. त्यांना मी काही कळवलं नाही. तुला कळवलं, कारण मला वाटलं, तू जाऊन सांगशील, ते ओशाळतील, आणि तुमचं जमेल. मी बसले होते इथे तुमचा संसार सांधत.

आणि भावजींच्या आईंचा विचार केलास का? त्याही त्याच चौकोनात आहेत.

मी काही दिवस लिहिणार नाही.

बारकी


२० ऑगस्ट

बारके,

तू लिहिणार नाहीस म्हणून मी लिहायचं थांबणार नाही.

परत आणणार होता म्हणे. भांडी साचली असतील. आणि ते पत्र त्यानं मला का नाही लिहिलं? मी त्याच्या डोळ्यांसमोर राहत होते. ज्याला बायको परत हवी असते तो मेहुणीकडे हद्दीची चौकशी करत नाही. तुला माणसं ओळखता येत नाहीत हा तुझा जुना आजार आहे.

आता इथली हकिगत. तारेचं कुंपण आलं. त्याच्या अंगणाच्या अलीकडच्या कडेनं, अगदी अंगणाला लागून. कुंपण घालणाऱ्यांनी त्याला विचारलं, अलीकडे येतोस का? दुकान मिळणार नाही, तू ये. तो म्हणाला, 'माझं दुकान सोडून मी कुठे जाऊ?' तिकडच्या कुणी अधिकाऱ्यानं त्याला सांगितलंय की त्यांच्या बाजूनं खिंडीपर्यंत रस्ता होणार आहे. कधी होणार ते सांगितलेलं नाही. आज तिकडून वर चढतात ती फक्त खेचरं, आणि खेचरं चहा पीत नाहीत.

बसवाला पहिल्याच दिवशी कोट सावरत अलीकडे आला. त्याच्या बसा आता कुंपणापाशी थांबतात. आणि कुंपणापाशी कोण आहे सांग? चार फळ्या, एक स्टोव्ह आणि तुझी ताई. पट्ट्याची हद्द सरकली तशी नव्यानं परवाने दिले, त्यात मी मालक म्हणून नाव घातलं. बसवाला आला लाळ घोटत, 'वहिनी, थांब्याचं काहीतरी ठरवू या.' मी म्हटलं, रांगेत उभे राहा.

पाणी मात्र खालून आणावं लागतं, डोक्यावर. झरा त्यांचा झाला. कंबर धरते. धरू दे.

आणि खरी गंमत ऐक. पाटी अजून त्याच्या दारावर आहे. लोक बसमधून उतरतात, तारेतून बोट दाखवतात आणि पोरांना सांगतात, 'तो बघ, परदेशातला माणूस.' फोटो काढतात. तो हातात झाडू घेऊन उभा असतो. पहिल्यांदा हे बघितलं त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

सासूबाई अंगणात बसलेल्या दिसतात. इथे वारा बोचायला लागलाय आणि त्यांच्या अंगावर तो जुनाच विटका स्वेटर आहे. त्याचं मी काही करू शकत नाही. त्यांनीच मुलाबरोबर राहायचं ठरवलं. पुन्हा गप्प राहूनच ठरवलं.

पत्र पाठव. शिव्या घालायच्या असतील तर त्या घाल.

ताई


९ सप्टेंबर

ताई,

शिव्या घालायला बसले तर पान पुरणार नाही, म्हणून कामाचं लिहिते.

रेघ बदलल्यामुळे जी घरं पलीकडे गेली, त्यांतल्या माणसांना एकदाच परत यायची मुभा मिळालीय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अधिकारी कुंपणाच्या फाटकाशी तंबू टाकून बसतील. अट एकच. अलीकडचं कोणीतरी जवळचं माणूस, म्हणजे आई-बाप, मुलं, नवरा-बायको किंवा सून-जावई, समोर येऊन सांगेल की हे माझं माणूस आहे. ते न सांगितल्यास फाटक बंद. नंतर कायमचं तिकडचं.

अलीकडे त्यांचं तुझ्याशिवाय कोणी नाही. भावजींनी मला पुन्हा लिहिलंय, पलीकडच्या तिकिटानं. रस्ता होत नाहीये. आईंना खोकला लागलाय. त्यांनी हात जोडलेत ताई. लिहिलंय, 'मी तिला काय म्हणालो ते मला रोज ऐकू येतं.' तुला हे वाचून बरं वाटेल, वाटू दे. पण आता पुरे.

तुला फार काही करायचं नाही. तू सून म्हणून आईंना आण. तू सून म्हटलीस की त्यांचा मुलगा तुझा नवरा ठरतो आणि तोही येतो. वेगळं काही बोलावंसुद्धा लागणार नाही. आणल्यावर जन्मभर तोंड बघू नकोस, अंगणात झोपव, काहीही कर. ती रेघ मी मारलीय, तेव्हा तुझ्याकडे एवढं मागायचा मला हक्क आहे.

दोघांना आण. नाहीतर माझ्याकडून पुन्हा पत्राची अपेक्षा ठेवू नकोस. हे मी रागानं लिहीत नाहीये.

बारकी


१२ नोव्हेंबर

दुकानदारांस,

हे पत्र आधी आमच्या राजधानीत जाईल, तिथून तुमच्या राजधानीत, आणि मग खेचरावरून तुमच्या मागच्या उतारानं चढून तुमच्या दारात येईल. त्याआधी बर्फ पडलं तर वसंतात मिळेल. तुम्ही ते फोडाल तेव्हा मी समोरच चहा ओतत असेन. हाक मारली तर ऐकू येईल एवढंच अंतर आहे. पण तारेतून बोलायला मनाई आहे आणि मला नियम मोडायचे नाहीत.

त्या दिवशी तुम्ही दाढी करून, पेटी बांधून फाटकाशी उभे होतात. तुमचं नाव का पुकारलं नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. तुम्ही विचारत राहिलात आणि शिपायानं फाटक लावलं. म्हणून मी सांगते.

तंबूत अधिकारी, मी आणि आई, एवढेच होतो. अधिकाऱ्यानं मला विचारलं, 'ह्या तुमच्या कोण?' मी म्हटलं, 'आई.' सासू म्हटलं असतं तर तुम्हीही त्यात आला असतात. ते मला बारकीनं आधीच नीट समजावलं होतं. तिचा हेतू वेगळा होता.

मग त्यानं आईंना विचारलं, 'ही तुमची मुलगी?' त्या म्हणाल्या, 'हो.' त्यानं विचारलं, 'आणखी मुलं?'

तंबूची कनात उघडीच होती. तुम्ही समोर दिसत होतात. त्यांनी तुमच्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं सगळं, आता सांगणार, पोटचा गोळा आहे. त्या म्हणाल्या, 'ही एकच.'

मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. शिकवायची माझी पूर्ण तयारी होती, वेळच मिळाला नाही. खाली उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, 'दारात उभी होते तेव्हाच बोलायला हवं होतं मी.'

मला वाटलं होतं, हे ऐकून मी नाचेन. नाचले नाही. वाईटही वाटलं नाही, उगाच खोटं कशाला लिहू? बारकी मला आता पत्र लिहीत नाही. माझी तीन पत्रं न फोडता परत आली. तेही मी तुमच्याच नावावर मांडलंय.

आईंचा खोकला कमी झालाय. शिंपीणबाईंनी त्यांना जाड स्वेटर विणून दिला. दुपारी माझ्याबरोबर वर येतात, खुर्ची कुंपणाकडे वळवून बसतात. मी त्यांना अडवत नाही. तुम्ही हात हलवता तेव्हा त्या हलवत नाहीत, आणि तुम्ही आत गेलात की मग हलवतात. हे तुम्हाला तिथून दिसत नसणार.

तुमचं त्यांच्या नावाचं पत्र काल मिळालं. त्यांना वाचता येत नाही, वाचून दाखवणारी मीच. सगळं मन लावून वाचलं. झरा गोठलाय, पीठ संपत आलंय, तिकडची भाषा समजत नाही, आई, एकदा अधिकाऱ्याकडे जाऊन सांग मी तुझा मुलगा आहे, आई, मला इथून ने. अक्षर बरंच बिघडलंय तुमचं.

मी मोठ्यानं वाचलं, 'मी मजेत आहे. रस्ता झाला. गिऱ्हाईक इतकं आहे की मान वर करायला फुरसत नाही.'

त्या बराच वेळ मान हलवत बसल्या. मग म्हणाल्या, 'बरं झालं बाई. मला उगीच वाटत होतं, माझी आठवण काढत असेल.'

यापुढेही तुमचं पत्र मीच वाचणार आहे.